गाडीतला बिनबटणाचा दिवा

आमच्या घरात कोणी कधी गाडीत राहायला गेलेलं नाही. गावाकडे शेत, लातुरात दुकान, नांदेडला नोकरी आणि सुट्टीत एकमेकांकडे चार दिवस, एवढाच आमचा प्रवास. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एका शाळेची जुनी व्हॅन घेतली आणि आतली बाकडी काढून तिथं पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवायची ठरवली, तेव्हा नातेवाइकांनी पहिला प्रश्न विचारला तो वास्तुशांत कधी करणार हा. चेष्टेनं विचारला, पण विचारला. पुढे यांचे डोळे किती अधू झालेत हे सगळ्यांना कळलं, चेष्टा थांबली आणि सल्ले सुरू झाले. मला सल्ल्यांपेक्षा चेष्टा परवडते.

यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काचबिंदू आहे. नजर कडांकडून मिटत येते. समोरचं दिसतं, पण धुरकट, आणि डोळ्यांवर प्रखर उजेड आला की तेही पांढरं होऊन जातं. ऑपरेशनही झालं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दवाखान्यातून आम्ही ऑटोनं घरी येत होतो. हे म्हणाले, "दिसून राहिलंय तोवर बघून घेऊ." सगळी नोकरी रेल्वेच्या कचेरीत गेली, दुसऱ्यांच्या गाड्या मार्गी लावण्यात, आणि स्वतः मात्र तिरुपतीच्या पलीकडे काही पाहिलेलं नाही. त्या एका वाक्यावर मी गाडी घ्यायचं ठरवलं. चालवायलाही मीच शिकले. शिकवणारा प्रत्येक वळणावर देवाचं नाव घ्यायचा. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे. घाबरायचं शिकणाऱ्यानं असतं, शिकवणाऱ्यानं नाही, असं मी त्याला एकदा ऐकवलं, तेव्हापासून तो मनातल्या मनात नाव घ्यायला लागला.

गाडीचं आतलं काम लातूरला झालं, कारण माझे दीर तिथं असतात. त्यांची धान्याची आडत आहे, ओळखी पुष्कळ आहेत आणि थोरल्या भावावर जीव आहे. त्यांनी गाडी टाकली ती वरातीच्या गाड्या आणि ट्रॅव्हल्सच्या बस सजवणाऱ्या कारागिराकडे. आम्ही सांगितलं होतं, साधं करा. पण दिरांना साधं म्हणजे कंजूषपणा वाटतो. गाडी आणायला गेलो, दार उघडलं आणि मला वाटलं आत कोणाचं तरी रिसेप्शन चालू आहे. छताला आरशाचे चौकोन. त्यांच्या भोवती निळ्या दिव्यांची पट्टी, ती थोड्या थोड्या वेळानं जांभळी होऊन हिरवी व्हायची. मधोमध प्लास्टिकच्या लोलकांचं झुंबर, आणि पलंगाच्या वर चार पांढरेफटक दिवे. आमच्याकडे याला लायटिंग म्हणतात आणि लायटिंगशिवाय काही शोभत नाही. चालकाच्या मागच्या कोपऱ्यात वर एक छोटासा देव्हारा होता, त्यात झिरोचा लाल बल्ब. दिरांनी एकेक बटण दाबून सगळं हौसेनं दाखवलं. हे दारातच कपाळावर हात आडवा धरून उभे होते आणि म्हणत होते, "लई छान केलंस." भावाचं मन कसं मोडायचं? मीही मूग गिळून बसले. पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली आणि आम्ही गाडी नांदेडला आणली.

अंगणात ती आठवडाभर तशीच उभी राहिली, कारण शेजारी लग्न होतं आणि लग्न सोडून कुठं निघालं तर आमच्या गल्लीत वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मग एका सकाळी निघालो. पहिलाच मुक्काम, म्हणून लांब नको. बिलोलीच्या पुढे ओळखीच्या एका शेतकऱ्याचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, होतं, तिथं बाभळीखाली गाडी लावली. दिवस फार चांगला गेला. हे खुर्ची टाकून बसले होते आणि लांबचं काय काय दिसतंय ते मला सांगत होते. त्यातलं निम्मं चूक होतं, पण मी हो हो म्हणत गेले. दिवेलागणीला हे आत पलंगावर पडले होते आणि मी बाहेर ताटं विसळत होते. आतून इन्व्हर्टरची टिंव टिंव ऐकू आली. मला वाटलं, कोणाचा तरी मोबाइल असेल. मग गाडीतले सगळे दिवे एकदम गेले. काय झालं ते बघायला हे बाहेर यायला निघाले. त्या पांढऱ्या झगझगाटातून एकदम अंधारात आलेल्या यांच्या डोळ्यांना पायरी कुठून दिसणार? पडल्याचा आवाज आला, पण यांचा आवाज आला नाही. उजव्या हाताचं मनगट मोडलं होतं. नशीब की इंजिनाची बॅटरी वेगळी होती, नाहीतर दवाखान्यापर्यंत पोचणंही अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी दीर लातूरहून आले. भावाच्या प्लास्टरकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायच्या आत त्यांनी निर्णय सांगून टाकला. गाडी विकायची. धर्माबादचा एक मिरचीचा व्यापारी अशीच गाडी शोधत होता. त्याच्याशी त्यांनी येतानाच बोलून घेतलं होतं. अमावास्या सरली की तो बघायला येणार होता. पुण्याहून मुलीचा फोन आला, तिनंही काकांचीच री ओढली. मी म्हटलं, दिवे गेले म्हणून हे पडले, मी दिवे बदलते. दीर अगदी हळू आवाजात बोलले. माझ्यावर चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"वैनी, दिवे बदलताल. दादाचे डोळे कुठून बदलताल?"

"डोळे बदलता येत न्हाईत, म्हणूनच दिवे बदलून राहिले," मी म्हटलं.

हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले ते एवढंच, की जाऊ दे, विकून टाकू. आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. मला त्या आवाजाची भीती वाटली. या माणसाला मी ओळखते. गाडी गेली असती तर हे पुन्हा कुठंही निघाले नसते. सकाळी अंगणात, दुपारी पलंगावर, संध्याकाळी टीव्हीच्या आवाजासमोर, आणि असेल नसेल ती नजर त्या चार भिंती बघण्यात संपली असती. लोकांना तेच सुरक्षित वाटत होतं. मला त्या सुरक्षिततेची चीड आली, आजही येते.

मी हट्टाला पेटले. पण हट्ट करून वायर कळत नाही. आयुष्यभर फळ्यावर घट आणि बल्ब काढले, बाण दाखवून विद्युतधारा कुठून कुठं जाते ते सांगितलं, पोरांचे कान धरले. पण खरी वायर सोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आधी दिवे गेलेच का, हे शोधायचं होतं. आतल्या दिव्यांसाठी गाडीत वेगळी बॅटरी होती आणि तिच्यावर इन्व्हर्टर. ती बॅटरी घरच्या विजेवर पूर्ण चार्ज केली, सगळी बटणं बंद केली आणि दार लावून घेतलं. दोन दिवसांनी बघते तर ती पुन्हा उतरू लागलेली. दिरांना फोन केला तर ते म्हणाले, बघा, गाडीच लाभत नाही. मी फोन ठेवला आणि बाजारातल्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्याला बोलावलं.

तो माझ्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा. आल्या आल्या त्यानं साहेब कुठं आहेत, असं विचारलं. मी म्हटलं, साहेब झोपलेत, गाडी माझी आहे. त्यानं मीटर लावून बॅटरी तपासली. बॅटरी चांगली होती. मग कुठला तरी दिवा चालू राहत असेल, असं तो म्हणाला.

"सगळे बंद हायत ना, मॅडम?"

"हो, सगळे बंद."

हे बोलताना आम्ही दोघं देव्हाऱ्याखाली उभे होतो. त्याच्या दाढीवर लाल उजेड पडला होता. मी त्या उजेडाकडे बघितलं, मग वर बघितलं. बॅटरीत जीव असेल तोवर तो बल्ब पूजेच्या दिवसापासून जळतच होता. मी गाडीत दहादा चढले उतरले असेन, दहाही वेळा तो मला दिसला होता, आणि दहाही वेळा सगळे दिवे बंद आहेत याची मी खात्री केली होती.

"मग हा?" मी विचारलं.

"तो तर देवाचा हाय ना, मॅडम," तो म्हणाला. मग तोही वर बघत राहिला.

आम्ही वायर धरून मागे मागे गेलो. बटण कुठंच नव्हतं. घरगुती बल्ब, म्हणून त्याच्यासाठी इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवलेला, आणि इन्व्हर्टर बॅटरी पीत बसलेला. अंगणातल्या त्या आठवड्यात बॅटरी बरीचशी रिकामी झाली होती. बिलोलीपर्यंतच्या थोड्याशा प्रवासात ती कितीशी भरणार? मग संध्याकाळी वर ते झुंबर आणि रंग बदलणाऱ्या पट्ट्या. कारागिराला फोन लावून बटण का नाही ते विचारलं. त्यानं सांगितलं की मालकांनी स्वतः बजावलं होतं, देवाच्या दिव्याला बटण लावायचं नाही, तो बंद करायचाच नाही.

मालक म्हणजे दीर. मी त्यांना तिथूनच फोन केला आणि जे कळलं ते सगळं सांगितलं. गोड बोलून सांगितलं असं मी म्हणणार नाही. तुमच्या त्या बल्बानं तुमच्या भावाचा हात मोडला, असं मी म्हणाले.  मग त्यांनी विचारलं, की म्हणजे आता देवाच्या दिव्याला बटण लावणार का. मी म्हटलं, लावणार. घरची समई आपण झोपताना शांत करतो, तेव्हा देव रुसतो का? आणि आपण लिंगायत, आपल्यात तर देव गळ्यात असतो. तुमचे दादा रोज सकाळी लिंग तळहातावर घेऊन पूजा करतात. सध्या उजवा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून बेलाचं पान मी ठेवते. जो देव माणसाच्या अंगावर राहतो, त्याला गाडीत रात्रभर वीज कशाला लागते? दीर म्हणाले, तुम्ही मास्तरीण आहात, तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकणार. पण व्यापारी येणार म्हणजे येणार, बाजारात शब्द दिलेला आहे. हात दिव्यानं मोडला असेल, पण मुळात पायरी दिसत नाही ती डोळ्यांमुळेच, आणि आपल्याला भाऊ हवा आहे, हार घातलेला भावाचा फोटो नको.

हे शेवटचं मला लागलं. कारण त्यात खोटं काही नव्हतं. नुसतं बटण लावून भागणार नव्हतं. यांना त्या गाडीत स्वतःच्या पायांनी चढता उतरता यायला हवं होतं.

आता जो तो मला एकच सांगत होता. ज्याला कमी दिसतं त्याला जास्त उजेड द्या. ऑटो इलेक्ट्रिकवाल्याचंही तेच म्हणणं. त्यानं आणखी मोठे पांढरे दिवे काढून दाखवले. मला मात्र यांचा कपाळावर आडवा धरलेला हात आठवत होता. घरात हे कधी बरे बघतात ते मी लक्ष देऊन पाहायला लागले. दुपारी उतरतं ऊन पडवीत शिरतं आणि भिंतीवरून परतून येतं, त्या वेळी हे पेपर नाकाशी धरून मथळे वाचायचे. संध्याकाळी डोक्यावर ट्यूब लागली की पेपर बाजूला पडायचा. त्यांना जास्त उजेड नको होता. डोळ्यांवर न येणारा उजेड हवा होता.

मग मी यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. बाजारातून वेगवेगळे छोटे दिवे आणले, सगळे गाडीच्या बॅटरीवर थेट चालणारे, म्हणजे इन्व्हर्टरची कटकटच नको. काही पांढरे, काही पिवळसर, काही उघडे, काही दुधी झाकणाचे. खिडक्यांचे पडदे ओढून यांच्यासमोर ताट ठेवायचं, ताटात तुरीची डाळ, डाळीत मी मुद्दाम टाकलेले काळे उडीद. डाव्या हातानं उडीद वेचायचे. एक दिवा डोक्यावर धरायचा, एक बाजूनं, एक खालून.

"मला परीक्षेला बसवून राहिलीस," हे वैतागून म्हणाले.

"नापास केलेलं न्हाई अजून," मी म्हटलं.

उघड्या पांढऱ्या दिव्याखाली हे ताटभर चाचपडले आणि ताट सरकवून उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही, पण ताट भरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी आपणच येऊन बसले. बाजूनं लावलेल्या, दुधी झाकणाच्या पिवळसर दिव्यात त्यांनी ताटातले जवळजवळ सगळे उडीद उचलले.  मग उचललेले उडीद परत डाळीत टाकले आणि पुन्हा वेचायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

मग मात्र मी थांबले नाही. आधी झुंबर उतरवलं, ते शेजारच्या मुलींनी मागून नेलं. आरसे काढले, कारण प्रत्येक दिवा त्यांत चारदा दिसायचा. रंगीत पट्ट्या ओढून काढताना छताचा रंगही निघाला, तिथं मी स्वतः फिकट लेप दिला, तो एकसारखा बसलेला नाही आणि मला त्याची लाजही नाही. वरच्या कपाटांच्या खालून, डोळ्यांना थेट दिसणार नाहीत असे दुधी झाकणाचे दिवे लावले. प्रत्येक रांगेला वेगळा फ्यूज. पायरीच्या बाजूला घोट्याच्या उंचीवर एक दिवा, तो दार उघडलं की लागणारा, आणि पायरीच्या कडेला पिवळी जाड पट्टी. यांच्या बसायच्या जागेजवळ मान वळवता येणारा छोटा दिवा, पाहिजे तिथं उजेड नेता येईल असा. वायरी मी जोडायचे आणि ऑटो इलेक्ट्रिकवाला तपासायचा. पहिला दिवा लागलाच नाही, कारण मी त्याच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. वर्गात ज्या चुकीबद्दल मी छडी उगारायचे तीच. तो हसला, मीही हसले आणि वायरी बदलल्या.

देव्हाऱ्यातल्या लाल बल्बाच्या जागी गाडीच्या बॅटरीवरचा छोटासा दिवा बसवला आणि त्याच्या खाली बटण. ते बटण लावताना ऑटो इलेक्ट्रिकवाल्यानं हात मागे घेतला. म्हणाला, हे तुम्हीच करा मॅडम, तुमचा देव आहे. मी केलं.  स्क्रू सरळ बसला.

एवढं सगळं होऊनही हे गाडीत चढायला तयार नव्हते. अंगणातून बघायचे, चहा घ्यायचे, आत जायचे. पुन्हा पडायचं भय होतं, आणि ते कबूल करायचंही भय होतं. मी ओढून नेलं नाही. अमावास्या होऊन गेली.

दीर संध्याकाळी आले, बरोबर धर्माबादचा तो व्यापारी. सभ्य माणूस होता. त्यानं आधी बाहेरून गाडी बघितली, टायर दाबले, मग आत बघू म्हणाला. दिवस मावळला होता. मी दार उघडलं, पायरीचा दिवा लागला, मग आतलं बटण दाबलं आणि सगळी गाडी उजळली. दिरांनी सवयीनं हात जोडले. दिवेलागणीला पहिला दिवा लागला की आमच्याकडे प्रत्येकाचे हात जोडले जातात, मग तो दिवा पटो न पटो. जोडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण नेमके कोणाच्या लायटिंगला हात जोडलेत. त्यांनी छताकडे बघितलं, आरसे शोधले.

व्यापारी आत जाऊन बसला, दीर बसले. मी ओट्याला टेकून उभी राहिले. सौदा माझ्यासमोर होणार असेल तर मी तिथंच असणार होते. तेवढ्यात अंगणातल्या खुर्चीचा आवाज झाला. हे उठले होते. दिरांनी हात द्यायला उठू बघितलं, मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. हे दारापर्यंत आले. खाली बघितलं. पिवळ्या पट्टीवर पाऊल ठेवलं, मग दुसरं, आणि आत आले. आपल्या जागेवर बसले. कोणाच्याही हाताला त्यांनी हात लावला नव्हता. व्यापाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो कपाटांची दारं उघडून बघत होता. दीर मात्र पापणी न हलवता भावाकडे बघत होते.

बोलणी सुरू करायची म्हणून मी यांच्या समोर पलंगाच्या कडेला बसले. आमच्यामध्ये हातभर अंतर. हे माझ्याकडे बघायला लागले. असं कोणी बघायला लागलं की मी पदर सारखा करते, तसा केला. तरी हे बघतच होते.

"केस कधी पांढरे झाले गं तुझे?"

मी केसांना रंग लावणं सोडलं ते यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी. दवाखान्याच्या धावपळीत राहून गेलं आणि मग लावावासा वाटला नाही. त्याला दोन वर्षं झाली. त्या दोन वर्षांत मी रोज संध्याकाळी यांच्यासमोर बसून चहा घेतला. रोज यांच्या तोंडावर वाकून डोळ्यांत थेंब घातले, डोक्यावर ट्यूब जळत असताना. मला वाटायचं, हे माझ्याकडे बघत आहेत.

"दादा, इतकं कमी दिसत होतं?" दिरांनी विचारलं.

"हाव. इतकं," हे म्हणाले. मग व्यापाऱ्याकडे वळले. "माफ करा. तुम्हाला उगं चक्कर झाली. दोन वर्षांनी बायको दिसून राहिली. गाडी विकायची न्हाई."

व्यापारी कपाटाचं दार हळूच लावून उठला. दिरांकडे बघून म्हणाला, की शब्दाचं मनावर घेऊ नका, घरात असं असेल तर कोण गाडी नेईल. दीर त्याला सोडायला खाली उतरले आणि फाटकापाशी पाठ करून बराच वेळ उभे राहिले. हुंदका आला तरी ते पाठ करूनच देतात, भावासारखेच.

मी मात्र भडकले होते. महिनाभर जगाशी भांडत होते आणि ज्याच्यासाठी भांडत होते त्यानं दोन वर्षं माझ्यापासून हे लपवलं होतं. मी तिथंच विचारलं, मला सांगितलं का नाही. हे म्हणाले, सांगून काय झालं असतं, तू आणखी जवळ येऊन उभी राहिली असतीस, आणि मला तरी दिसली नसतीस.

 यांच्याजवळच्या दिव्याची मान धरून मी तो वळवला, आणि सगळा उजेड स्वतःच्या तोंडावर घेतला.

"बघा," म्हटलं. "सगळं बघा."